थांबलेला सरकता जिना

गेल्या दिवाळीच्या आधी इंजिनिअरिंगच्या एका मित्राने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. अमरावतीतला आमचा मॉल. रिकामी गॅलरी, खाली ओढलेली शटरं, एका काचेवर 'भाड्याने देणे आहे' आणि मागे कुठलंतरी उदास गाणं. खाली लिहिलं होतं, 'आपलं बालपण गेलं यार.' मीही तीन रडके चेहरे टाकले आणि कामाला लागलो.

ते काम काय होतं, हे सांगितल्याशिवाय पुढचं प्रामाणिकपणे लिहिता येणार नाही. मी पुण्यात ऑनलाइन कपडे विकणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तुम्ही आधी काय घेतलं, काय परत पाठवलं, यावरून तुम्हाला कोणता साइज बसेल ते सांगणारा एक छोटासा चौकोन मोबाइलवर येतो ना, त्याच्या मागचं थोडं कोड माझं आहे. म्हणजे मॉलची ती शटरं खाली ओढली जाण्यात माझा हातभार आहे. फार मोठा नाही, पण पगार मिळण्याइतका आहे.

मग रडके चेहरे टाकायचा मला अधिकार होता का?

प्रश्न पोरकट वाटेल. तीन चेहरे टाकून कुणाचं काय बिघडलं? पण हळहळ ही नुसती भावना नसते, ती एक प्रकारची साक्ष असते. 'हे चांगलं होतं, ते गेलं हे वाईट झालं' असं आपण त्यातून म्हणत असतो. एका हाताने ही साक्ष द्यायची आणि दुसऱ्या हाताने ती गोष्ट संपवण्याचे महिन्याच्या महिन्याला पैसे घ्यायचे, हे एकाच माणसाला शोभतं का? याला नक्राश्रू म्हणून सोडून देता येत नाही, कारण नक्राश्रू खोटे असतात. माझे खरे होते. उलट खोटे असते तर बरं झालं असतं, निदान हिशेब सरळ राहिला असता.

मॉल सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. आमच्याकडचा उन्हाळा ज्याने पाहिला नाही त्याला या मॉलचं महत्त्व कळणार नाही. २०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी चक्क कलम १४४ लावलं होतं. दंगलीसाठीचं कलम उन्हासाठी! माझ्या लहानपणी उन्हाला कलम नव्हतं, ऊन मात्र हेच होतं. सुट्टीत अकोल्याहून मामेभाऊ यायचे, आणि दुपारी कूलरसमोरच्या जागेवरून भांडणं व्हायची. गावात फुकट थंड हवा मिळायची ठिकाणं दोनच, बँकेचं एटीएम आणि मॉल. एटीएमवरचा वॉचमन दोन मिनिटांत हाकलायचा. मॉलमधला हाकलायचा नाही, फक्त आम्ही पायरीवर बसलो की 'उठा रे' म्हणायचा. मग आम्ही चालत राहायचो. एकही रुपया खर्च न करता तीन-तीन तास नुसते फिरायचो, वर, खाली, पुन्हा वर.

आजीला एकदा नेलं होतं. ती सरकत्या जिन्यापाशी आली आणि थांबली. "मी नाई जात बा याच्यावर. पायच गिळते थे." आईने हात धरला, मामेभावांनी चढून-उतरून दाखवलं, मागे रांग लागली. आजी हलेना. तेव्हा तिथल्या गार्डने काय केलं, तर खाली वाकून जिनाच बंद केला. "चढा आजी, आता साध्या पायऱ्या हाय." आजी नऊवारी सावरत, एकेक पायरी मोजत वर गेली, आणि ती वर पोचेपर्यंत मागचे पंचवीस-तीस लोक मुकाट्याने खाली उभे राहिले. कोणी कुरकुरलं नाही. मला मॉल आठवतो तो असा.

पुण्यातल्या एका सहकाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. त्याचा आक्षेप सोपा होता. मॉल म्हणजे काही गावचा पार नव्हे की देऊळ नव्हे. ती जागा बांधली तीच आपल्या खिशातून पैसे काढायला. ती थंड हवा, तो प्रकाश, घड्याळ कुठे दिसणार नाही अशी रचना, सगळं आमिष. मुंबईत १९९९ मध्ये क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा सुरुवातीला आत सोडताना तुमच्याकडे क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल आहे का हे बघायचे, नसेल तर प्रवेशासाठी पैसे घ्यायचे. अशा जागेसाठी गळा काढणं म्हणजे गळ गेला म्हणून माशाने रडणं.

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. सुचलं ते घरी येताना, अकोल्यात मामाकडे एक मुक्काम करून अमरावतीला निघालो तेव्हा, मूर्तिजापूरजवळ. हा रस्ता पूर्वी इतका भयंकर होता की गरोदर बायकांना त्यावरून नेत नसत. मग २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तासांत टाकून गिनेस बुकात विक्रम झाला, आणि आता झोप लागते. पण मूर्तिजापूर आलं की मी जागा असतो, कारण शकुंतलेचं ते जंक्शन.

शकुंतला ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मूर्तिजापूरहून एका अंगाला अचलपूर आणि दुसऱ्या अंगाला यवतमाळ, असे मिळून सुमारे १९० किलोमीटर अरुंद रूळ. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने त्यासाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली होती. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणायचा, तिथून मुंबई, तिथून मँचेस्टर. १९२१ साली मँचेस्टरमध्येच बनलेलं वाफेचं इंजिन या गाडीला १९९४ च्या १५ एप्रिलपर्यंत होतं, मग डिझेल आलं. देश स्वतंत्र झाला तरी रुळांची मालकी कंपनीकडेच राहिली. आता गाडी बंद आहे. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आंदोलनं झाली, निवेदनं गेली, आणि शकुंतलेबद्दल बोलताना आमच्याकडे अजूनही लोकांचे आवाज ओले होतात. त्यांना कोणी वेड्यात काढत नाही. पण खिशातून काढून नेण्यासाठीच बांधलेली वस्तू म्हणाल, तर या गाडीइतकी उघड दुसरी कोणती? मॉलने आमच्या खिशातून पाच-पन्नास काढले असतील, हिने अख्ख्या मुलखाचा कापूस नेला.

तरी लोकांनी तिला शकुंतला म्हटलं. कारण कंपनीने ती कापसासाठी चालवली, आणि लोकांनी ती लग्नाला जायला, बाजार करायला, लेक माहेरी आणायला वापरली. बांधणाऱ्याचा हेतू एक असतो आणि वापरणारे त्यात दुसरंच काही करून ठेवतात. हळहळ त्या दुसऱ्या गोष्टीची असते. आजीसाठी जिना बंद करणं मॉलच्या नकाशात नव्हतं. ते गार्डने त्यात घातलं.

बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात तो व्हिक्टर ग्रुएन नाझींपासून जीव वाचवून १९३८ मध्ये व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेला वास्तुरचनाकार. १९५६ मध्ये मिनेसोटात त्याने साउथडेल उभारलं. मोटारींनी विखुरलेल्या अमेरिकेला व्हिएन्नासारखा भेटीगाठींचा चौक द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. पुढे जे मॉल निघाले त्यांचं पितृत्व त्याने चारचौघांत नाकारलं आणि म्हातारपणी व्हिएन्नाला परतला. म्हणजे इथे हेतू उलटा फसला, चौक बांधायला गेला आणि दुकान झालं. आमच्याकडे दुकान बांधलं आणि उन्हाळ्यापुरता का होईना, चौक झाला.

सहकाऱ्याला मी हे सगळं लांबलचक मेसेज करून पाठवलं आणि स्वतःवर खूश झालो. बडनेरा येईपर्यंत ती खुशी उतरली. या युक्तिवादाने मॉल सुटतो, मी सुटत नाही. शिवाय त्यात आणखी एक भोक होतं. शकुंतलेच्या आठवणी सांगतं कोण? प्रवासी. तिच्यात कापसाच्या गाठी चढवणाऱ्यांच्या आठवणी मी कधी ऐकल्या नाहीत. आणि मॉलमध्ये गाठी चढवणारा आमच्या घरातच होता.

बाबा जवाहर रोडवर एका कापडाच्या दुकानात वीस वर्षं होते. मालक नव्हे, सेल्समन. पांढरी गादी, मागे तक्के, गिऱ्हाईक मांडी घालून बसलेलं आणि समोर बाबाही मांडी घालून. ताका हातात घेऊन असा फेकायचे की तो बरोबर गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी उलगडून थांबायचा. पँटपीस एक वीस, शर्टपीस दोन पंचवीस, पण समोरचा माणूस जाडा असला तर न विचारता दहा-पंधरा सेंटीमीटर जास्त मापायचे. माणसाकडे एकदा पाहिलं की त्यांना कंबर कळायची. मला ती कला वाटायची नाही, सगळेच बाबा असं करत असतील असं वाटायचं.

मॉल आला, शिवून घेणारे कमी झाले, तयार कपडे घेणारे वाढले. २०१२ मध्ये दुकानमालकाने निम्मी माणसं कमी केली. त्यात बाबा होते. आणि शेहेचाळिसाव्या वर्षी बाबांना नोकरी मिळाली ती मॉलमध्येच, पहिल्या मजल्यावर पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात. अंगावर दुकानाचं नाव लिहिलेला टी-शर्ट आला आणि गादी गेली. दहा तास उभं राहायचं. गिऱ्हाईक नसलं तरी उभंच. बसलेला दिसला की दंड. बसायला तिथे काही नव्हतंच, जी स्टुलं होती ती बूट घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. रात्री घरी आले की आई टबात मिठाचं गरम पाणी द्यायची. पिंढरीवरच्या निळ्या शिरा मी रोज बघत होतो आणि त्यांचा मॉलशी काही संबंध आहे हे मला कधी जोडता आलं नाही. केरळमध्ये दुकानांतल्या बायकांनी याच गोष्टीसाठी लढा दिला, आणि २०१८ मध्ये तिथे विक्रेत्यांना कामावर बसायची सोय देणं कायद्याने सक्तीचं झालं. तमिळनाडूत २०२१ मध्ये. ही बातमी वाचली तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की बसणं हा मागायचा हक्क असू शकतो.

आता जे सांगायचं टाळत होतो ते.

कॉलेजात असताना आम्ही मित्र मॉलमध्ये जायचो तेव्हा मी त्यांना पार्किंगच्या लिफ्टने वर न्यायचो. सरकता जिना पहिल्या मजल्यावर नेमका बाबांच्या विभागासमोर उघडायचा. मी सांगायचो, लिफ्ट जवळ पडते. दुसऱ्या वर्षाला असताना एकाला जीन्स घ्यायची होती आणि तो ऐकेना. गेलो. बाबा समोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मित्राकडे पाहिलं, आणि त्याला म्हणाले, "बोला सर." तो म्हणाला, चौतीस. बाबांनी छत्तीस काढून दिली आणि म्हणाले, "ही पाहून घ्या एकदा." छत्तीसच बसली. तो ट्रायल रूममधून बाहेर येऊन म्हणाला, "काका, भारी आहे तुमची नजर." बाबा हसले. मी बाजूच्या टी-शर्टांच्या घड्या बघत होतो. बाबांनी ओळख दाखवली नाही. ती मी दाखवायची होती. ती मी दाखवली नाही म्हणून त्यांनी मला वाचवलं. रात्री घरी दोघंही यावर काही बोललो नाही, आणि आजतागायत बोललेलो नाही.

'आपलं बालपण गेलं यार' असं लिहिणारा मित्र तोच.

यावर एक मोह असा होतो की सगळं आपल्याच डोक्यावर घ्यावं. मी लाजलो, मी कोड लिहिलं, मी मॉल मारला. पण अपराधीपणातही एक ऐट असते. माझं कोड नसतं तरी हे झालंच असतं. नाइट फ्रँकच्या अहवालाप्रमाणे देशातल्या मोठ्या शहरांत ४० टक्क्यांहून जास्त गाळे रिकामे असलेले मॉल २०२२ मध्ये ५७ होते, ते २०२३ मध्ये ६४ झाले. त्यातले कितीतरी ऑनलाइनमुळे नव्हे, बांधतानाच चुकलेले. आपल्याकडे बिल्डरने एकेक गाळा वेगवेगळ्या माणसाला विकून टाकायचा आणि निघून जायचं, हा प्रकार फार झाला. मग इमारत एक आणि मालक दीडशे. कुठे काय असावं हे ठरवणारा कोणी नाही, मेंटेनन्स कोणी भरत नाही. एसी अर्धा होतो, लोक कमी होतात, म्हणून भाडं थकतं, म्हणून एसी पूर्ण बंद होतो. आमच्या धंद्यात अशा सिस्टिमला कुणी हात लावायला तयार नसतं.

आणि जे एकाच मालकाचं होतं ते तरी कुठे टिकलं? किशोर बियाणींच्या फ्यूचर ग्रुपने बिग बाजार २००१ पासून देशभर नेलं. २६ जानेवारीच्या 'सबसे सस्ता दिन'ला लोक पहाटेपासून रांगा लावायचे. ऑगस्ट २०२० मध्ये तो पसारा रिलायन्सला २४,७१३ कोटींना विकायचं ठरलं, अ‍ॅमेझॉन आडवं आलं, कज्जे चालले. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस रिलायन्सने भाडेकरार हातात घेऊन दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, एप्रिलमध्ये कर्जदात्या बँकांनी नकार दिल्यावर व्यवहारच मोडला आणि जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. यात कुठेही बालपण नाही. करार, कर्ज आणि कोर्ट आहे. 'काळ बदलला' असं आपण म्हणतो तेव्हा हे सगळे लोक त्या काळाआड सुखाने लपतात. मीही लपतो.

बाबांचं मात्र काळाने नव्हे, टाळेबंदीने संपलं. ऑगस्ट २०२० मध्ये मॉल उघडायला परवानगी मिळाली, त्यांना बोलावणं आलं, निम्म्या पगारावर. २०२१ च्या फेब्रुवारीत, देशभर दुसरी लाट पसरण्याआधीच, अमरावती आणि अचलपुरात पुन्हा टाळेबंदी लागली. त्यानंतर बोलावणं आलं नाही. तोवर मी नोकरीला लागलो होतो आणि बाबा म्हणाले, बरं झालं.

तर दिवाळीत मी तो व्हिडिओ बाबांना दाखवला. काय वाटतं बघायचं होतं, असं म्हणू. खरं म्हणजे त्यांनीही हळहळावं, म्हणजे माझी हळहळ रीतसर होईल, अशी माझी इच्छा असावी. त्यांनी चष्मा लावून पूर्ण बघितला.

"तुले मॉलची याद येते काय?"

"येते ना."

"मले पायाची येते," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "गार्ड लय चांगला होता पन तिथला. मले मागच्या जिन्यात बसू देये. कोनी आलं का खोकलाये."

म्हणजे आजीसाठी जिना थांबवणारा तोच का, हे मी विचारलं. बाबांना आठवेना. त्या दिवशी ते तिथे नव्हतेच, ते जवाहर रोडवर गादीवर होते.

मी म्हटलं, मी यावर लिहिणार आहे. बाबांनी मोबाइल परत दिला. "लिही. पन नाव नको लिहू मॉलचं."

"का?"

"काऊन म्हंजे? अजून पाच-सहा दुकानं चालू हायेत. पोट्टे उभे राह्यतात तिथं. तू मेला म्हनून छापशील, तं येनारा दुसरीकडे जाईन."

यावर मला अजूनही धड उत्तर नाही. माझा सगळा विचार या गृहीतावर उभा होता की मॉल गेला आहे, आणि गेलेल्याबद्दल काय वाटून घ्यावं हा प्रश्न आहे. पण तो गेलाच नाही. गेलो आम्ही. १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 'नोस्टाल्जिया' हा शब्द घडवला तो घरापासून दूर असलेल्या स्विस माणसांच्या आजारासाठी. म्हणजे हा दूर गेलेल्यांचा रोग. जो तिथेच आहे त्याला गाळ्याचं भाडं असतं. आम्ही दूर बसून ज्याचं तेरावं घालतो तो माणूस अजून काउंटरवर उभा आहे, आणि आमचा तो सुंदर, उदास व्हिडिओ त्याच्या धंद्याच्या मुळावर येतो आहे. म्हणजे हातभार नुसता माझ्या कोडचा नाही. रडक्या चेहऱ्यांचाही आहे.

नाव म्हणून लिहिलेलं नाही. अमरावतीकरांना कळलंच असेल, त्यांनी मनात ठेवावं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन तिथे गेलो. पार्किंगची लिफ्ट बंद होती. सरकता जिना बंद होता, विजेचं बिल कोण भरणार. पायऱ्यांच्या दातांत धूळ बसली आहे आणि लोक साध्या जिन्यासारखे त्यावरून चढतात-उतरतात. बाबा कठडा धरून सावकाश चढले. पहिल्या मजल्यावर त्यांच्या जुन्या विभागाचं शटर खाली होतं, त्याच्या बाजूला एक तयार कपड्यांचं दुकान चालू होतं. आत एक मुलगा होता, वीस-बावीसचा, आणि तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून जेवत होता. आम्हाला बघून डबा झाकून उठायला लागला.

"बस, जेव तू," बाबा म्हणाले. "आम्हाले काई घाई नाई."

तो जेवला. आम्ही तोपर्यंत पँटी बघितल्या. मला पँटीची गरज नव्हती आणि बाबांना ते माहीत होतं. गरज नसताना घेतलेली पँट ही खरेदी की भीक, यावर मी मनात वाद घालत होतो. त्या मुलाला असला काही प्रश्न पडलेला दिसला नाही. हात धुऊन आला आणि म्हणाला, "बोला सर, साइज?"

मी बत्तीस म्हणालो. माझ्या प्रोफाइलमध्ये बत्तीसच आहे, आणि तो आकडा माझ्याच कोडने काढलेला आहे.

"चौतीस दे त्याले," बाबा म्हणाले.

मुलाने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"माझे बाबा आहेत," मी म्हणालो. "याच मजल्यावर होते, आठ वर्षं."

त्याने चौतीस काढून दिली.